वाचून दाखवणारा माणूस : कविवर्य मोरोपंत

स्मरणिका समितीने मला विषय दिला होता 'सोसायटीचा आर्थिक प्रवास'. सात वर्षे खजिनदार होतो, आधी आयुष्यभर बँकेत, तेव्हा दुसरे काय सुचणार त्यांना! पण कन्व्हेयन्स डीड कसे झाले, सिंकिंग फंडात किती जमले, लिफ्टचे पैसे कुणी उशिरा भरले हे सगळे दरवर्षीच्या अहवालात येऊन गेलेले आहे. रौप्यमहोत्सवाच्या अंकात पुन्हा तेच वाचायला कुणाला आवडेल? म्हणून चेअरमनसाहेबांची परवानगी घेऊन मी आपल्या बारामतीच्या एका जुन्या रहिवाशाबद्दल लिहितो आहे. ते इथे चाळीस वर्षे राहिले, इथेच वारले, आणि त्यांना जाऊन सव्वादोनशेच्या वर वर्षे झाली. मोरोपंत.

नाव ऐकल्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेतला मराठीचा तास आठवेल. आर्या पाठ करा, समास सोडवा, यमक ओळखा. मलाही तेच आठवायचे. बी. कॉम. झाल्यावर मोरोपंतांचा आणि माझा संबंध संपला, असे मी मानून चाललो होतो. तो पुन्हा कसा जुळला ते आधी सांगतो, म्हणजे हा लेख मी का लिहितोय ते कळेल.

1986 साली माझी बदली इंदापूरला झाली. उजनीचे पाणी येऊन काही वर्षे झाली होती. भीमेकाठची जुनी गावे पाण्याखाली गेलेली, माणसे वरच्या अंगाला नव्या गावठाणात आलेली. पीककर्जाच्या दिवसांत शाखेत पाय ठेवायला जागा नसायची. एके दिवशी एक म्हातारे शेतकरी आले. धोतर, मुंडासे, सत्तरीच्या पुढचे. सही येत नव्हती, अंगठा होता. नियमाप्रमाणे अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवावा लागतो. मी घाईत होतो, भराभरा वाचत गेलो. बाबांनी मला थांबवले आणि म्हणाले की साहेब, वाचून दाखवायचं तर समोरच्याला कळेल असं वाचा, नाहीतर नुसता अंगठा घ्या. मला राग आला, खोटे कशाला बोलू. पण पुन्हा सावकाश वाचला. मग बाबा खुलले. त्यांच्या पाण्याखाली गेलेल्या गावात देवळात कीर्तन व्हायचे, तिथे ऐकून ऐकून त्यांना कर्णपर्वातल्या कितीतरी आर्या पाठ होत्या. माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी आठ-दहा म्हटल्या, अगदी चालीवर, आणि अर्थही सांगितला. अक्षरओळख नाही आणि मोरोपंत पाठ! मी पदवीधर, मला एक धड आठवेना. त्या दिवशी अंगठ्याचा कागद माझ्या हातात होता आणि मान खाली होती.

मोरोपंत वाचायला घेतले ते मात्र निवृत्तीनंतर. तोवर बदल्या आणि टार्गेटं.

मोरोपंत हे मूळचे बारामतीचे नव्हेत. आडनाव पराडकर. घराणे कोकणातले, राजापूरकडच्या सौंदळचे. वडील रामाजीपंत नोकरीसाठी घाटावर पन्हाळ्याला आले आणि तिथे 1729 साली, म्हणजे शके 1651 मध्ये, मोरोपंतांचा जन्म झाला. आईचे नाव लक्ष्मीबाई. पन्हाळगड तेव्हा करवीरकरांच्या राज्यातले मोठे ठिकाण. गडावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये हे दोन विद्वान बंधू होते. मोरोपंत त्यांच्याकडे शिकले. काव्य, व्याकरण, अलंकार, वेदान्त असा तो अभ्यासक्रम. शिकवणी म्हणजे गुरूच्या घरी राहणे, पाठांतर करणे, पोथी उतरवून घेणे आणि शंका विचारणे. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. पण पाया असा पक्का की त्यावर पुढे चाळीस वर्षे इमारत चढत गेली आणि कुठे तडा गेला नाही.

विशी ओलांडल्यावर, 1752 च्या सुमारास, ते बारामतीला आले. वडील आधीच इथे आले होते, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला.

आता बाबूजी नाईकांबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण ते माझ्या धंद्यातले! बाबूजी नाईक जोशी हे त्या काळातले बडे सावकार. आजच्या भाषेत खासगी बँकच म्हणा. त्यांचे भाऊ आबाजी नाईक हे पहिल्या बाजीरावाचे मेहुणे, बाजीरावाची बहीण भिऊबाई त्यांना दिलेली. म्हणजे पेशव्यांशी सोयरीक आणि वर पेशव्यांना कर्जही दिलेले. सोयऱ्याला कर्ज देऊ नये हे आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकलो, नाईकांना कुणी शिकवले नसावे. 1740 साली बाजीराव वारले तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी शाहू महाराजांपुढे पेशवेपदासाठी याच बाबूजींचे नाव पुढे केले. महाराजांनी वस्त्रे दिली ती नानासाहेबांना. मग नाईकांनी कर्जाचा असा तगादा लावला की नव्या पेशव्याला तोंड लपवायची पाळी यावी. शेवटी महादजीपंत पुरंदरे मदतीला आले आणि तो बाका प्रसंग टळला. सांगायचा मुद्दा, मोरोपंत ज्या वाड्यात पोथी उघडून बसले तो वाडा असा होता. पैसा, राजकारण, मानापमान, लष्कर, सगळे तिथे. कऱ्हेच्या काठी तो गढीवजा वाडा अजून आहे. नव्या सभासदांनी मुलांना एकदा तिथे जरूर न्यावे.

नाईकांनी या तरुणाला पुराणिक म्हणून ठेवून घेतले. पुराणिक म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते. समोर पोथी, तीत संस्कृत श्लोक. पुराणिकाने श्लोक वाचायचा, त्याची फोड करायची, मराठीत अर्थ सांगायचा, मागचापुढचा संबंध जोडायचा, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली तर थांबायचे. पुढे बसलेल्यांत कुणी संस्कृत जाणणारा शास्त्री असेल, कुणी हिशेबाच्या वह्या सोडून आलेला कारकून. दोघांनाही एकाच वेळी सांभाळायचे. वर्गात एकाच इयत्तेची मुले असतात, इथे सगळ्या इयत्ता एकत्र. माझ्या मते मोरोपंतांची खरी नोकरी शिक्षकाची होती. शिष्य मोठ्या वयाचे होते आणि शाळा संध्याकाळची होती, एवढाच फरक.

या नोकरीसाठी वाचन किती लागत असेल, विचार करा. मराठी पुस्तके छापण्याची सोय त्या काळी आपल्याकडे नव्हती. पुस्तक म्हणजे पोथी. सुटी पाने, बोरूने काळ्या शाईत लिहिलेली, वरखाली लाकडी फळ्या, सगळे रुमालात बांधलेले. एखादा ग्रंथ वाचायचा तर तो कुणाकडे आहे ते शोधायचे, मागून आणायचा, उतरवून घ्यायचा आणि परत करायचा. उतरवणे हेच वाचणे. मोरोपंतांच्या कवितेत महाभारत, रामायण, भागवत, हरिवंश आणि इतर पुराणे येतात, आणि ती वरवरची नाहीत. कुठल्या प्रसंगात कोण काय बोलले, कुणाला कोणता शाप होता, कुणाचा रथ कसा होता, सगळे तपशील जागच्या जागी. आपल्या आधीचे मराठी कवी आणि संत त्यांनी आदराने वाचलेले होते. 'सन्मणिमाला' नावाचे त्यांचे एक प्रकरण आहे, त्यात त्यांनी संतांचीच माळ ओवली. दुसऱ्याचे वाचून त्याचे ऋण असे नावानिशी जमा करणारा लेखक मला फार आवडतो. आमच्या खात्यात याला चोख नोंद म्हणतात.

वाचता वाचता, सांगता सांगता ते लिहू लागले. आधी भागवताच्या दशमस्कंधावरचा 'कृष्णविजय', मग 'मंत्रभागवत', 'हरिवंश', आणि सगळ्यांत मोठे काम म्हणजे 'आर्याभारत'. अख्खे महाभारत, अठराच्या अठरा पर्वे, एकहाती. मूळ महाभारत लाखभर श्लोकांचे असे आपण म्हणतो. पंतांनी ते सतरा हजारांच्या आसपास आर्यांत आणले. म्हणजे साधारण सहाव्या हिश्शात. मोठा रिपोर्ट वाचून वरिष्ठांसाठी टिपण काढायची सवय ज्यांना असेल त्यांना यातली मेहनत कळेल. काय ठेवायचे हे सोपे असते, काय सोडायचे हे कठीण असते.

आणि ते टिपण पुन्हा वृत्तात! माझ्यासारख्याला आर्या आवडते ती हिशेबासाठी, हे कबूल करतो. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ओळीच्या पहिल्या भागात बारा, दुसऱ्यात अठरा, बेरीज तीस. दुसरी ओळही तीस. पंतांच्या आर्या बहुतेक या मापाच्या आहेत, शास्त्राप्रमाणे तिला गीती म्हणतात. म्हणजे एका आर्येला साठ मात्रा. सतरा हजार आर्यांच्या किती झाल्या? दहा लाखांच्या वर. शिवाय ओळीशेवटी यमक. मी एकदा कागद-पेन घेऊन कर्णपर्वातली पन्नासेक आर्यांची पाने तपासली. बेरीज चुकली ती दोन ठिकाणी, आणि दोन्ही वेळा चूक माझी निघाली.

त्यांच्या हौसेला मात्र सीमा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. एक रामायण लिहून समाधान झाले नाही म्हणून जपमाळेच्या मण्यांइतकी एकशे आठ रामायणे लिहिण्याचा संकल्प केला. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकात रामनामाचा तेरा अक्षरी मंत्र क्रमाने गुंफलेला. एकात 'परंतु' हा शब्द पुन्हा पुन्हा आणलेला. आणि एक आहे 'निरोष्ठ रामायण'. यात ओठाला ओठ लागेल असे अक्षर वापरायचे नाही. प, फ, ब, भ, म ही सगळी वर्ज्य. गंमत बघा, म नाही म्हणजे 'राम' हे नावच घेता येत नाही! रामाचे नाव न घेता रामायण सांगून दाखवले. गणपतीत मुलांच्या स्पर्धा घेतो आपण, त्यात एकदा हा प्रकार ठेवून बघा. ओठ न मिटता पाच वाक्ये बोला. मी घरी नातवंडांवर प्रयोग केला. धाकटी दोन वाक्यांत हरली, मी पहिल्याच.

यावरूनच पुढे टीकाही झाली. शब्दांची कसरत, संस्कृत समासांचे ओझे, भाव कमी आणि कारागिरी जास्त, असे आक्षेप गेली दीडशे वर्षे घेतले जात आहेत. ते सगळेच खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. काही रामायणे वाचताना मलाही दम लागला, आणि काही अर्धवट सोडली आहेत. पण एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटते असे मला वाटते. ही कविता एकट्याने डोळ्यांनी वाचण्यासाठी नव्हती. ती मोठ्याने म्हणण्यासाठी होती. यमक हा ऐकणाऱ्याच्या स्मरणशक्तीला दिलेला आधार असतो. ज्याच्या घरी पोथी नाही, ज्याला अक्षर येत नाही, त्याने ती घरी न्यायची कशी? कानातून. आणि कानातून आत गेलेले टिकायचे तर ठेका हवा, जोड हवी. माझ्या इंदापूरच्या बाबांनी ती तशीच नेली होती. गाव बुडाले, देऊळ बुडाले, बाबांच्या आर्या कोरड्या राहिल्या.

कारागिरीखाली भाव नव्हता म्हणणाऱ्यांनी 'केकावली' वाचावी. ही उतारवयातली रचना. केका म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंत, मयूर, मोर. मेघाकडे बघून मोराने ओरडावे तसे देवाला हाका मारलेल्या आहेत. इथे आर्या नाही, पृथ्वी नावाचे लांब, झोकदार वृत्त आहे. सव्वाशेच्या आत श्लोक. ज्या माणसाने जन्मभर देवाच्या कथा दुसऱ्यांना सांगितल्या तो इथे स्वतःसाठी मागतो, आणि मागताना भांडतोही. 'संशयरत्नमाले'त तर देवाला शंकाच विचारल्या आहेत, की इतरांच्या हाकेला तू धावलास, मग माझ्याच वेळी उशीर का? आयुष्यभर लोकांच्या शंका फेडणाऱ्या पुराणिकबुवांच्या स्वतःच्या शंका शिल्लक होत्या, हे वाचून मला एकदम ते जवळचे वाटले. शाळेच्या प्रार्थनेत आपण सर्वांनी सज्जनांची संगत घडावी अशी मागणी करणारा एक श्लोक म्हटलेला आहे. तो केकावलीतलाच. गेल्या वर्षी आपल्या कार्यक्रमात लहान मुलींनी सुरेख म्हटला. सूत्रसंचालकांनी कवीचे नाव सांगितले नाही. त्यांना दोष देत नाही, मलाही कित्येक वर्षे माहीत नव्हते. आपल्या गावात लिहिलेली प्रार्थना महाराष्ट्रभर म्हटली जाते आणि आपल्याच गावात ती निनावी!

पंतांच्या हयातीत बाहेर काय काय चालले होते पाहा. 1761 ला पानिपत झाले तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. थोरले माधवराव आले आणि ऐन उमेदीत गेले. 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. मग बारभाई, इंग्रजांशी लढाई. पुण्याहून बातम्या बारामतीला यायला वेळ लागत नसणार, आणि नाईकांचा वाडा तर राजकारणात मुरलेला. अशा दिवसांत संध्याकाळी पोथी सोडून भाऊबंदकीची, द्यूताची, युद्धात कामी आलेल्या मुलांची कथा सांगायची. ऐकणाऱ्यांत पानिपतावर माणूस गमावलेली घरे असणारच. त्यांना अभिमन्यूवध काय परका वाटला असेल? पंतांच्या द्रोणपर्वाकडे, कर्णपर्वाकडे मी या नजरेने बघू लागलो तेव्हापासून मला समासांचे ओझे तितकेसे जाणवत नाही.

सोलापूरच्या राम जोशींची हकिकत सांगितल्याशिवाय पंतांचे चरित्र पुरे होत नाही. राम जोशी वयाने पंतांपेक्षा पुष्कळ लहान. घराणे विद्वान ब्राह्मणांचे, थोरले भाऊ मुद्गल जोशी पुराणिक. रामभाऊंना मात्र तमाशाचा नाद. लावण्या रचायचे, फडावर गायचे, आणि त्यापायी घरातून बाहेर पडावे लागलेले. पण शब्दांवरची हुकमत अशी की ऐकणारा थक्क व्हावा. परंपरेने सांगतात की पंतांना त्यांच्या कवितेची गुणवत्ता कळली, त्यांनी मोकळ्या मनाने तारीफ केली आणि ही वाणी हरिकथेकडे वळव असे सुचवले. राम जोशी कीर्तनाला उभे राहिले आणि पंतांच्या आर्या गावोगाव म्हणू लागले. ज्या काळी तमासगिराची सावली नको म्हणणारे लोक होते, त्या काळी नाईकांच्या वाड्यातल्या प्रतिष्ठित पुराणिकाने त्याला जवळ करावे ही साधी गोष्ट नाही. चांगल्या मास्तरला शेवटच्या बाकावरचा मुलगा कळतो, तसेच हे. आणि लाभ दोघांचा झाला. पंत बारामतीत बसून लिहीत होते, त्यांची कविता देवळादेवळांतून फिरवली ती राम जोशींसारख्या कीर्तनकारांनी. इंदापूरच्या बाबांपर्यंत ती पोचली त्याची सुरुवात कुठेतरी तिथे आहे.

घरसंसाराबद्दल थोडक्यात. पत्नीचे नाव रमाबाई. मुलेबाळे झाली. आश्रयदाता चांगला मिळाला आणि तो आश्रय शेवटपर्यंत टिकला, त्यामुळे पोटासाठी गावोगाव फिरावे लागले नाही. एका जागी चाळीस वर्षे! आम्हा बँकवाल्यांना तीन वर्षांत बिऱ्हाड उचलावे लागे. उतारवयात काशीयात्रा केली. गंगेचे त्यांना फार वेड, तिच्यावर रचनाही केली. आणि परत आले ते बारामतीलाच, कऱ्हेच्या काठी. 1794 साली, शके 1716 च्या चैत्री पौर्णिमेला, 15 एप्रिल रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. वय पासष्टीला टेकलेले. मागे राहिले ते रुमालात बांधलेले कागद. सगळी मिळून पाऊण लाखाच्या आसपास कविता.

हे कागद टिकले कसे, हीही एक हकिकत आहे. घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. मग छापखाने आले. 1854 मध्ये परशुरामपंततात्या गोडबोल्यांनी 'नवनीत' हा जुन्या कवितेचा संग्रह काढला, त्यात पंत होते, आणि त्या पुस्तकावर शाळेतल्या मुलांच्या पिढ्या शिकल्या. मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग, तेही शिक्षकच, त्यांनी केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' नावाची टीका लिहिली. नावात आईवडिलांची, यशोदा आणि पांडुरंग यांची, नावे घातली, हे मला विशेष वाटते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांची बाजू जोरात मांडली. 1908 मध्ये ल. रा. पांगारकरांनी मोठे चरित्र लिहिले. ज्यांना पंतांबद्दल अधिक जाणून घ्यायचे असेल त्यांनी ते मिळवून वाचावे, भाषा जुनी आहे पण माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

निवृत्तीनंतर मी आर्याभारत वाचायला घेतले तेव्हा पहिले सहा महिने नुसती झटापट झाली. कोश जवळ घेऊन बसायचो, दिवसाला पाच आर्या. सौ. म्हणायची, यापेक्षा बँकेत जात होतात ते बरे होते. मग एकदा तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर वाचू नका, टीव्ही बघू नका असे सांगितले. वेळ जाईना. मी तिला उद्योगपर्व वाचून दाखवू लागलो. आणि तेव्हा मला इंदापूरच्या बाबांचे बोलणे खरे अर्थाने कळले. तिला कळेल असे वाचायचे तर आधी मला कळायला हवे होते. मनातल्या मनात वाचताना मी जे शब्द गाळून पुढे जात होतो ते आता गाळता येईनात. ती विचारायची, हे कोण बोललं? कुणाला? मी मागे जायचो, पुन्हा वाचायचो. महिन्यात जेवढे समजले तेवढे आधीच्या सहा महिन्यांत समजले नव्हते. पंत तर हे रोज करत होते, चाळीस वर्षे.

ते बाबा आता हयात नसणार. मी इंदापूर सोडताना त्यांना भेटायचे ठरवले होते, चार्ज देण्याच्या गडबडीत राहून गेले. त्यांचे कर्ज मात्र त्यांनी वेळेत फेडले होते, खाते मी स्वतः बंद केले.

आता सोसायटीपुरते. तळमजल्यावरच्या वाचनालयाच्या खोलीचा विषय गेल्या दोन सर्वसाधारण सभांत निघाला आहे. तिथे कुणी येत नाही, कपाटे धूळ खातात, तेव्हा खोली जिमला द्यावी असे काही सभासदांचे म्हणणे आहे. त्यांचे चूक आहे असे नाही. रजिस्टर मी पाहिले, गेल्या वर्षात अकरा पुस्तके गेली, त्यातली सात माझ्या नावावर. जिमलाही माझा विरोध नाही, पण खोलीचा निर्णय होईपर्यंत ती संध्याकाळी एक तास मला द्यावी अशी समितीला लेखी विनंती केली आहे. दर गुरुवारी सहा ते सात मी तिथे बसून वाचून दाखवणार. सुरुवात कर्णपर्वापासून. ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे त्यांनी जरूर यावे, ज्यांना मराठी वाचायचा कंटाळा आहे अशा नातवंडांनाही आणावे. खुर्च्या सध्या बाराच आहेत. किल्ली वॉचमनकडे ठेवलेली असेल.